इंजिनानं काही खाल्लं नव्हतं, लहान्या

लहान्या, तू गेल्याचं कळलं तेव्हा शहापूरची बाजारपेठ तीन दिवस बंद राहिली, तानशाचं पाणी मुंबईला जायचं अडलं, आणि माहुलीवरची माकडं गड उतरून आपल्या दुकानासमोर ओळीनं बसली, असं मी सध्या लोकांना सांगत फिरतोय. तू असतास तर कॉम्प्युटरवरनं मान न उचलता म्हणाला असतास, "माकडं किती होती, बाळ्या? आकडा सांग. आकडा असला की लोकांना खरं वाटतं."

खरं एवढंच की आपलं दुकान दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी मी शटर वर केलं. दाराजवळ माझा कॉम्प्युटर, आतल्या कोपऱ्यात तुझा, मधे झेरॉक्सचं मशीन. तुझ्या खुर्चीवरची उशी होती तशीच होती, मधोमध खड्डा पडलेली. मी ती झटकली नाही. झेरॉक्सला आलेला एक जण त्या खुर्चीवर बसायला गेला तर त्याला म्हटलं, तिला करंट येतो. तो उभाच राहिला बिचारा, आधारकार्डाच्या चार प्रती निघेपर्यंत.

तुझ्या दहाव्याला वाडीतली माणसं म्हणाली, बाळूशेठ, तुमी लिहिणारे, लहानूवर चार शब्द लिहा. मी हो म्हणालो आणि पहिल्याच ओळीला अडलो. अशा लेखांत आधी जन्मतारीख येते. तुझ्यासमोर कुणाची जन्मतारीख लिहायची छाती माझी आयुष्यभर झाली नाही, ती आता कुठून होणार?

आठवतं ना, आपलं पहिलं भांडण त्याच्यावरच झालं होतं. दुकान नवं होतं. तुझ्या वाडीतल्या, तानशामागच्या वाड्यांतल्या बायका आपल्या पोरांचे फॉर्म भरायला यायच्या, आणि जन्मतारखेचा रकाना आला की माझ्याकडे बघत बसायच्या. मी न विचारता टाकायचो, एक जून. शाळेच्या मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं होतं. शाळा जूनमध्ये भरते, पोरगं एक जूनला जन्मलं की हिशेब सोपा. माझी स्वतःची तारीख एक जून, माझ्या भावाची एक जून, म्हशीची विचारली असती तर तीही एक जूनच निघाली असती. तू एक दिवस माझ्या हातातला माउस काढून घेतलास.

"माणूस काय पाऊस हाय रे, सगळा जूनमधीच पडायला?"

मग तू त्या बाईकडे वळलास. ही झाली तेव्हा कारवी फुलली होती का गो? मग फुलून किती सालं झाली होती? तानसा भरून वाहत होता का उतरला होता? तुमी वीटभट्टीवर जायच्या आधी का आल्यावर? कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिथून धरून, बोटांची पेरं मोजत, तू महिन्यापर्यंत यायचास, आणि एखादी आई बाजारचा वार सांगायची तेव्हा थेट तारखेपर्यंत. बाई घरी जाताना पोरीकडे नव्यानं बघत जायची. मी तोवर तीन फॉर्म भरून मोकळा झालेला असायचो, आणि तुला सांगायचो की तुझ्यासारखी माणसं सरकारात असती तर देशाची जनगणना अजून आपल्या आजोबांपर्यंतच आली असती.

हे सगळं तू ठेवायचास कुठं, तर ब्राउझरमध्ये. लोकांना आता हे सांगितलं तर हसतात. आपला तो जुना ब्राउझर, ज्याचं नाव शहापुरात आपण दोघं सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला डाव्या बाजूला टिपणांची एक पट्टी होती. तिच्यात तू माणसं लिहून ठेवली होतीस, वाडीवार, घरवार. उजवीकडे फॉर्म उघडायचा, डावीकडच्या नावावर दोनदा टिचकी मारली की टिपण फॉर्मात जाऊन बसायचं. डावीकडे माणसं, उजवीकडे सरकार, मधे लहानू. वह्या तू ठेवून बघितल्या होत्यास. पहिली तुझ्या आईनं चूल पेटवायला घेतली, दुसरी वाळवीनं. शिवाय दिवाळीनंतर अर्धी वाडी विटांच्या भट्ट्यांवर जायची, डोक्यावर संसार घेऊन. त्या संसारात कागद टिकत नसे. तुझ्या पट्टीत टिकायचा.

आणि एक दिवस बातमी आली की ब्राउझरची कंपनी स्वतःचं इंजिन काढून टाकणार. पान उघडून दाखवणारं आतलं यंत्र आता बाकीचे वापरतात तेच बसवणार. मला आनंद झाला, तो मी लपवला नाही. आपल्या जुन्या इंजिनावर सरकारी साइट नीट उघडायचीच नाही. अर्ध्या वेळा खालचं बटणच दिसायचं नाही. मी ओरडायचो, बटण नाही. तू म्हणायचास, "बटन हाय. लाजतंय. जरा खाली ओढ."

तू नवं उतरवून माझ्या कॉम्प्युटरवर बघितलंस. पळत होतं वाऱ्यासारखं. पण पट्टी नव्हती, ईमेलची पत्रपेटी नव्हती, उजवं बटण दाबून माउस डावीकडे ओढला की मागचं पान यायचं, तेही नव्हतं. तू माउस डावीकडे आणखी दोनदा ओढून बघितलास. मग म्हणालास, "मुरबाडच्या स्टँडावरची जीप इंजिन बदलाया गॅरेजला गेली, नि परत आली ती मोटरसायकल होऊन. आता ती जोरात पळते, खरं हाय. पण माझी माणसं बसवू कुठं?"

त्या महिन्यात दुपारी चहा घेऊन आपण जगभरच्या लोकांच्या शिव्या वाचत बसायचो. त्या ब्राउझरवाल्यांचा एक फोरम होता. तू बारावीच्या इंग्रजीवर आणि शब्दकोशावर सगळं वाचून मला सांगायचास. एका जपान्याची कितीतरी वर्षांची पत्रं जुन्या पत्रपेटीत अडकली होती. एका म्हाताऱ्या रशियनाला नव्या ब्राउझरमध्ये त्याची चष्म्याएवढी मोठी अक्षरं सापडत नव्हती. एका बाईनं लिहिलं होतं, तुम्ही माझं घर रंगवायला घेतलंत आणि स्वयंपाकघर विसरलात. मी हे बाजारात सांगायचो तेव्हा त्यात थोडं मीठ घालायचो. सलूनवाल्याला मी सांगितलं की जर्मनीत तीन माणसांनी जेवण सोडलंय. तू मागून म्हणालास, "तीन नाय, एक. नि तो जेवला. फकस्त चिडून जेवला."

तुला त्या लोकांचा लळा लागला होता. कधी न पाहिलेली माणसं, पण तुझ्यासारखीच अडलेली. तू म्हणायचास, बघ बाळ्या, एवढ्या लांब लोकांचीपण पट्टी हरवते.

आता मला जे सांगायचंय ते सांगतो. बारा-तेरा वर्षं सांगायचं राहिलं. आपण रोज चार हातांवर बसायचो, तरी राहिलं.

तू उंबरमाळीला मेव्हण्याच्या लग्नाला गेला होतास, चार दिवस. एक मुलगी वसतिगृहाचा फॉर्म भरायला आली, शेवटचा दिवस होता. माझ्या कॉम्प्युटरचा पडदा त्याच सकाळी काळा पडलेला. म्हणून मी तुझ्या खुर्चीत बसलो. साइट उघडली, बटण लाजलं, कितीही खाली ओढलं तरी दिसेना. आणि वर नेहमीची चौकट आली. नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता की नंतर? तू रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचास आणि मग 'नंतर' दाबायचास. मी 'आत्ता' दाबलं.

बटण आलं, कलिंगडाएवढं. मुलीचा फॉर्म गेला. ती पाया पडून गेली, मला वाटलं मी देव झालो. मग डावीकडे बघितलं. पट्टी नव्हती.

तेव्हाच गप्प बसलो असतो तर काही गेलं नसतं, हे मला आता कळलंय. मी घाबरलो. नवं काढून टाकायला गेलो. काढताना त्यानं विचारलं, तुमची जमवलेली माहितीपण काढायची का, आणि पुढं एक बारीक चौकोन होता. मला वाटलं, काढायचंच तर स्वच्छ काढू. मी चौकोनात खूण केली. मग जुनं पुन्हा बसवलं. पट्टी आली. कोरी. नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखी.

तू लग्नातून आलास, हातात बुंदीची पुडी. मी चष्मा काढला, थाप मारायच्या आधी पुसतो तसा पुसला, आणि म्हणालो, "लहान्या, त्यांचं ते नवं इंजिन आपोआप आलं रे. मी मारून काढलं बाहेर, पण तोवर त्यानं सगळं खाल्लं होतं." सगळं जग त्या इंजिनाला शिव्या घालतच होतं. त्या गर्दीत माझंही पाप खपून गेलं.

तू पट्टीकडे बघितलंस. पुडी कीबोर्डशेजारी ठेवलीस.

"सगळी?"

"सगळी."

"ठकूआजीची नात?"

"तीपण."

तू खुर्चीत बसलास, उठलास, पुन्हा बसलास. मग म्हणालास, "रविवारी गाडी काढ."

मी काढली, आणि पुढं तू न सांगताही काढत राहिलो. तो एक पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा, दर रविवारी माझ्या मोटरसायकलवर तू मागे, मांडीवर वही. मी लोकांना सांगतो की आपण दोन टायर झिजवले आणि एकदा बिबट्यानं आपल्याला वाट दिली. टायर खरे आहेत. ठकूआजीच्या अंगणातलं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. आजी सुपात तांदूळ पाखडत होती. तू म्हणालास, आजी, नातीचा जन्म पुन्हा सांग, मशीननं खाल्ला.

"मशीन माणसं खातं?"

"इंजिन बदललं, आजी."

"मंग जुना बैल बरा होता की." मग ती माझ्याकडे वळली. "नि हा बाळू कशाला आलाय? याचं काय हरवलं?"

मी म्हणालो, काही नाही आजी, मी ड्रायव्हर. तू हसलास. 

त्याच फेरीत तू मुरबाडला माझ्या आईकडेही बसलास, मला पाणी आणायला आत पाठवून. नंतरच्या एक जूनला मी नेहमीसारखे पेढे वाटले, अख्ख्या वाडीचा आणि माझा वाढदिवस म्हणून, तर तू पेढा परत डब्यात ठेवलास. "तुझा वाढदिवस वालाला शेंगा लागतात तवा. तुझ्या आयशीला विचारून आलोय. खोटा पेढा मी नाय खात." चाळीस वर्षं मी एक जूनचा माणूस म्हणून मिरवलो. तुझ्यामुळे मला थंडी मिळाली, वालाच्या शेंगा मिळाल्या.

एक गोष्ट मला तेव्हा उमगली नव्हती. पहिल्या आठवड्यात तू सगळ्यांना सांगत होतास की इंजिनानं माणसं खाल्ली. दुसऱ्या आठवड्यापासून तू सांगायला लागलास की वीज पडली. तारेवरनं वीज उतरली, मशीनमध्ये शिरली, पट्टी जाळून गेली. बाजारात, वाडीत, सगळीकडे वीज. मी मनात म्हटलं, संगतीचा परिणाम. इतकी वर्षं माझ्याशेजारी बसून शेवटी लहान्याला थाप मारता यायला लागली. मला अभिमानही वाटला होता थोडा, खोटं कशाला बोलू. इंजिनापेक्षा वीज केव्हाही चांगली गोष्ट. मी स्वतः त्या विजेला पुढं निळा रंग दिला आणि एक नारळाचं झाड जोडलं.

पट्टी पुन्हा भरली. आणि आपलं दुसरं भांडण सुरू झालं, ते मिटायचं राहिलं. मी म्हणायचो, लहान्या, हे दुसरीकडे उतरवून घे. ब्राउझर मेला, कंपनीनं त्याला केव्हाच सोडलंय, मशीन खोकतंय. एक दिवस बसेल. तू म्हणायचास, "हितं बरी हायेत माणसं. शेजारी शेजारी बसलीत." मी म्हणायचो, मशीन मेलं तर? तू म्हणायचास, "माझ्याआधी नाय मरायचं."

मी हा वाद जिंकणार होतो, लहान्या. मशीन आधी मरणार आणि मी म्हणणार, बघ. तू मला तेवढंही जिंकू दिलं नाहीस.

दहावा झाल्यावर मंजुळावहिनी दुकानात आल्या. उशीकडे बघितलं, पण बसल्या पायरीवर. म्हणाल्या, "भावजी, ते मशीन लई घुरघुरतंय. त्यातली माणसं काढून घ्या." म्हणून मी जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणल्या आणि तुझ्या खुर्चीत बसलो. उशीच्या खड्ड्यात मी मावत नाही, कडेवर बसतो. एकेक टिपण वहीत उतरवत गेलो. तुझी मराठी वाचत गेलो. 'बुधी. तानसा भरून वाहिला त्या साली, भट्टीवरनं आल्यावर, मंगळवार.' 'किसन. आईला आठवत नाय, मावशीला आठवतं, पुन्हा जाणे.' एवढी वर्षं ही माणसं मी फॉर्मात भरली, पण वाचली आता.

सगळ्या वाड्या संपल्यावर तळाला एक टिपण होतं. नाव, बाळू. मला वाटलं, वालाच्या शेंगा. त्या होत्याच. त्याखाली तू जतन करून ठेवलेल्या एका पानाचं नाव होतं. मी टिचकी मारली. तो फोरम आता बंद पडलाय, पण त्यातलं एक पान तू मशीनमध्ये ठेवून दिलं होतंस.

वर तुझी तक्रार होती, तुझ्या त्या शब्दकोशातल्या इंग्रजीत. मला कळलं ते असं : महोदय, तुमच्या नव्या इंजिनानं आमच्या वाड्यांतली दोनशे माणसं खाल्ली. त्यांना मोठ्या कष्टानं वाढदिवस मिळाले होते. कृपया परत करा. खाली कुठल्याशा देशातल्या एका माणसाचं उत्तर होतं, अगदी सभ्य. मित्रा, वाईट वाटलं. पण इंजिन टिपणं खात नाही. ती वेगळ्या कप्प्यात राहतात. ती जातात फक्त एका वेळी, ब्राउझर काढताना कुणी माहिती पुसायच्या चौकोनात खूण केली तर. त्या दिवशी तुझ्या मशीनवर कोण बसलं होतं?

आणि त्याखाली तुझं उत्तर, दुसऱ्याच दिवशीचं. कुणी बसलं नव्हतं. वीज पडली. इंजिनाला बोललो त्याची माफी असावी.

कुणीतरी झेरॉक्स मागत होतं, त्याला म्हटलं, मशीन बंद आहे. ते चालू होतं.

संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यातच विचारलं, लहानूला ठाऊक होतं का? कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

"तवाच कळलं होतं त्यांना. मला म्हणाले, बाळ्यानं पुसलं. मी म्हटलं, मंग भांडा की त्याच्याशी. तर म्हणाले, तो दर रविवारी गाडी काढतोय गो, आपणहून. सांगितलं तर ती शिक्षा होईल त्याला, नि शिक्षा भोगून झाली की माणूस यायचा थांबतो." मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "बसा. जेवूनच जा."

मी जेवलो, लहान्या. वालाचं बिरडं होतं.

तू आयुष्यात एक थाप मारलीस, आधी साता समुद्रापलीकडच्या, तोंड न पाहिलेल्या माणसाला, मग अख्ख्या वाडीला, माझ्यासाठी. आणि जाता जाता त्या इंजिनाचीही माफी मागितलीस. आरोप खोटा होता, तर तो यंत्रावरही तुला ठेवायचा नव्हता. मी मात्र तेरा वर्षं त्या विजेला रंग देत बसलो. म्हणून इथं लिहून ठेवतो, वाडीतल्या माणसांसमोर वाचणार आहे तेच : वीज पडली नव्हती. इंजिनानं काही खाल्लं नव्हतं. चौकोनात खूण मी केली. हे लिहिताना चष्मा पुसलेला नाही, काचांवर धूळ आहे, वाटल्यास वहिनींना विचार.

सगळी माणसं आता वह्यांत उतरली. एक वही दुकानात, एक वहिनींकडे. माझ्या कॉम्प्युटरवरही घेतलीत. वादाचा निकाल लागला, मशीन आता बंद पडलं तरी कुणाचं काही जायचं नाही. तरीही आज सकाळी मी त्याला उदबत्ती ओवाळली आणि चालू केलं. ते दहा मिनिटं खोकलं, मग उजाडलं.

तेवढ्यात तानशाकडची एक बाई आली, लेकीला घेऊन. फॉर्म भरायचा होता. जन्मतारखेचं विचारायच्या आधी तीच म्हणाली, "मास्तर बोलले, एक जून टाका."

पडद्यावर तुझी ती चौकट आली होती. नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता की नंतर?

"थांब गो," मी म्हणालो. "ही झाली तेव्हा कारवी फुलली होती का?"

तिनं लेकीकडे बघितलं, मग बाहेर माहुलीकडे, आणि आठवायला म्हणून पायरीवर बसली. मी 'नंतर' दाबलं.